घरच्या खाऱ्या टाकीतील कठीण प्रवाळ: बडोद्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यात घरी खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणारे आणि ठेवू इच्छिणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा अन्यत्र सविस्तर आला असेल, तर तेथील प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. तिसरे उत्तर वाचल्याशिवाय मात्र कोणीही खरेदीला निघू नये, ही आग्रहाची विनंती.

१. कठीण प्रवाळ हा दगड, वनस्पती की प्राणी?

प्राणी. एकेक पॉलिप म्हणजे मध्ये तोंड आणि भोवती स्पर्शिका असलेला लहानसा जीव असतो आणि तो स्वतःखाली कॅल्शियम कार्बोनेटचा सांगाडा रचत जातो. आपल्याला दगड वाटतो तो हा सांगाडा. जिवंत भाग म्हणजे त्यावरचा पातळ थर. या थराच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते आणि प्रकाशाच्या साहाय्याने त्याने तयार केलेल्या अन्नातील मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. प्रवाळाला काय लागते, याचे बहुतेक सगळे उत्तर या रचनेत आहे: शैवालासाठी प्रकाश, सांगाड्यासाठी कॅल्शियम व क्षारता (पाण्यातील कार्बोनेट-बायकार्बोनेटचा साठा, मिठाचे प्रमाण नव्हे) आणि दोघांसाठी न बदलणारे तापमान.

छंदवर्तुळात मोठ्या, मांसल पॉलिपच्या प्रवाळांना ‘एलपीएस’ (उदाहरणार्थ युफिलिया, फेवाइट्स) आणि बारीक पॉलिपच्या प्रवाळांना ‘एसपीएस’ (अ‍ॅक्रोपोरा, माँटीपोरा) म्हणतात. पहिला गट थोडीफार चूक सोसतो, दुसरा सहसा सोसत नाही.

२. अंगठीत घालतात ते पोवळे याच प्राण्याचे असते का?

नाही. दागिन्यांतील लाल पोवळे वेगळ्या गटातील प्रवाळाचे असते. त्याच्या पॉलिपला आठ स्पर्शिका असतात, पेशींत शैवाल नसते आणि तो मंद प्रकाशात वाढतो. पुढील उत्तरांतील कोणतीही गोष्ट त्याला लागू नाही.

३. भारतात घरी कठीण प्रवाळ ठेवणे कायदेशीर आहे का?

हा प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा आणि तो बहुधा खरेदीनंतर विचारला जातो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये २००१ पासून सर्व कठीण प्रवाळांचा समावेश आहे. त्यांच्यासह काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखेही त्याच वर्षी संरक्षित झाले. भारतीय समुद्रातून हे प्राणी काढणे, विकणे, विकत घेणे आणि बाळगणे हा गुन्हा आहे आणि अनुसूची १ मधील प्राण्यांबाबतच्या गुन्ह्याला किमान ३ व कमाल ७ वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे.

‘हा परदेशातून आलेला, टाकीत वाढवलेला तुकडा आहे’ असे विक्रेते सर्रास सांगतात. सर्व कठीण प्रवाळ वन्यजीवांच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय ‘साइटीस’ कराराच्या परिशिष्ट २ मध्ये असल्यामुळे निर्यात करणाऱ्या देशाचे परवानापत्र नसेल, तर असा प्राणी वैध मार्गाने सीमा ओलांडूच शकत नाही. शिवाय २०२२ च्या दुरुस्तीने साइटीसच्या तरतुदी आपल्या अधिनियमात आल्या आहेत. अनुसूचीत कठीण प्रवाळांचा उल्लेख सरसकट असल्याने, परदेशी म्हटले की आपोआप सूट मिळते असे गृहीत धरू नये. विक्रेत्याकडे परवानापत्र व आयातीची कागदपत्रे मागावीत, त्यांच्या प्रती घेऊन वन विभागाच्या वन्यजीव शाखेकडे लेखी विचारणा करावी आणि उत्तर हाती आल्यावरच पुढे जावे. मोबाइलवर छायाचित्र दाखवून ‘कागद नंतर देतो’ म्हणणाऱ्याकडून काहीही घेऊ नये. मित्राने तोडून दिलेला तुकडाही, भेट आहे म्हणून, या नियमातून सुटत नाही.

या पानावरील पुढची माहिती ज्यांच्याकडे कागदपत्रांसह प्रवाळ आहेत त्यांच्यासाठी, तसेच आधी नीट समजून घेऊन मग ठरवू इच्छिणाऱ्यांसाठी आहे. पाणी, उष्णता आणि वीज यांविषयीची उत्तरे मऊ प्रवाळांनाही लागू पडतात.

४. नरारा येथे ओहोटीत फिरताना मेलेला, पांढरा तुकडा सापडला. तो शोभेसाठी टाकीत ठेवला तर चालेल ना?

चालणार नाही. नरारा हा कच्छच्या आखातातील सागरी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि मेलेला सांगाडाही संरक्षणाबाहेर नाही. तुकडा आधीच घरी आणला असल्यास तो दुसऱ्याला देऊन मोकळे होणे हा उपाय नव्हे. वन विभागाशी संपर्क साधावा.

५. मग नवख्याने सुरुवात कशाने करावी?

माझ्या मते पहिली दोन वर्षे मऊ प्रवाळांवर काढावीत: छत्रीप्रवाळ, सार्कोफायटन, झोअँथस. यांना कठीण सांगाडा नसल्यामुळे कॅल्शियमचे गणित सांभाळावे लागत नाही आणि हे गट अनुसूचीतील कठीण प्रवाळांत मोडत नाहीत. तरीही विक्रेत्याकडून नावानिशी पावती घ्यावीच. छत्रीप्रवाळ म्हणून कठीण प्रवाळ गळ्यात मारल्याची तक्रार नवी नाही. झोअँथस हाताळताना घ्यायची काळजी प्रश्न १८ मध्ये दिली आहे.

६. टाकी किती मोठी असावी? आमचे घर दांडिया बाजारातील जुन्या वाड्यात, वरच्या माळ्यावर आहे.

कठीण प्रवाळांसाठी २०० लिटरपेक्षा लहान टाकी घेऊ नये. पाणी जितके कमी, तितके त्याचे तापमान व रसायन झपाट्याने बदलते. ‘लहान टाकी सोपी’ हा समज म्हणूनच उलटा आहे. २०० लिटरची टाकी काच, खडक, खालची (गाळणीची) टाकी आणि स्टँड धरून सहज ३०० किलोच्या पुढे जाते आणि हे वजन एका कोपऱ्यात अहोरात्र उभे राहते. लाकडी तुळयांच्या माळ्यावर ती ठेवण्याआधी बांधकाम जाणणाऱ्याला बोलावून तुळया दाखवाव्यात, किंवा सरळ तळमजला निवडावा.

७. नळाचे पाणी क्लोरीन घालवून वापरता येईल का? स्वयंपाकघरातील आरओचे चालते का?

दोन्ही नको. शहराला महीच्या पात्रातील फ्रेंच विहिरींचे, आजवा सरोवराचे आणि काही भागांत कूपनलिकांचे पाणी मिळते. पिण्यासाठी ते योग्य असले, तरी त्यातील नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट आणि नळांतून येणारे तांबे प्रवाळांच्या टाकीत साठत जाते. क्लोरीन उडून जातो, हे पदार्थ उडत नाहीत.

स्वयंपाकघरातील आरओची अडचण निराळी आहे. पाण्याला चव यावी म्हणून बहुतेक यंत्रांत थोडे कच्चे पाणी पुन्हा मिसळलेले असते किंवा खनिजे घातलेली असतात. प्रवाळांसाठी आरओच्या पुढे डीआय रेझिनचा (उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या दाण्यांचा) टप्पा लागतो आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या पदार्थांचे प्रमाण) मीटरवर शून्य दिसावा लागतो. आकडा १ किंवा २ वर चढला की रेझिन बदलावे. या शून्य पाण्यात प्रवाळांसाठीचे मीठ मिसळून खारे पाणी तयार करावे. टाकीतून वाफ होऊन गेलेल्या पाण्याची भरपाई मात्र नेहमी गोड्या आरओ-डीआय पाण्याने करावी, कारण वाफ होते ती पाण्याची. मीठ मागेच राहते.

८. समुद्र बडोद्यापासून फार दूर नाही. थेट समुद्राचे पाणी आणले तर?

जवळचा समुद्र म्हणजे खंभातचे आखात आणि प्रवाळांच्या दृष्टीने याहून वाईट पाणी शोधणे अवघड आहे. भरती-ओहोटीतील प्रचंड फरकामुळे तेथील पाणी सतत गाळाने भरलेले असते, नद्यांमुळे क्षारांश (पाण्यातील मिठाचे प्रमाण) बदलत राहतो आणि बडोद्याच्या कारखान्यांचे प्रक्रिया केलेले सांडपाणी वाहून नेणारा कालवाही महीच्या मुखाजवळ तेथेच रिकामा होतो. मीठ महाग वाटते, हे खरे आहे. पण त्या पाण्याने मेलेले प्रवाळ अधिक महाग पडतात.

९. पाण्याचे कोणते आकडे पाळावेत?

क्षारांश ३५ पीपीटी (दर हजारी भाग; विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२६), तापमान २५ ते २७ अंश, क्षारता ७.५ ते ९ डीकेएच (क्षारतेचे एकक), कॅल्शियम ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १२५० ते १४००, नायट्रेट २ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम प्रति लिटर. पीएच ७.९ ते ८.४ च्या दरम्यान हलतो आणि रात्री उतरतो, ते स्वाभाविक आहे. एसी लावून दारे-खिडक्या बंद ठेवलेल्या खोलीत माणसांच्या श्वासातील कार्बन डाय-ऑक्साइड साचल्यामुळे तो आणखी खाली जातो. अशा वेळी रसायन ओतण्याआधी खिडकी उघडून पाहावी.

यांतील एकच आकडा सांभाळायची मुभा दिली, तर मी क्षारता निवडीन, आणि तीही तिच्या नेमक्या मूल्यासाठी नव्हे तर स्थैर्यासाठी. वर्षभर ७.५ वर राहिलेल्या टाकीतील अ‍ॅक्रोपोरा, सोमवारी ७ आणि गुरुवारी ९.५ असलेल्या टाकीतल्यापेक्षा चांगले वाढतात. क्षारता एका दिवसात १ डीकेएचपेक्षा जास्त बदलू देऊ नये. क्षारांश मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर केवळ शुद्ध पाण्यावर शून्याला जुळवणे पुरेसे नाही. तो ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रावणानेही तपासावा.

१०. क्षारता व कॅल्शियम रोज घटते. ते कसे भरून काढावे? घरचा सोडा चालतो का?

घट होणे ही चांगली खूण आहे. प्रवाळ सांगाडा बांधत आहेत. सांगाडा बांधताना दोन्ही ठरलेल्या प्रमाणात वापरले जातात: क्षारता १ डीकेएचने उतरली की कॅल्शियम सुमारे ७ मिलिग्रॅम प्रति लिटर उतरते. म्हणून कॅल्शियम आठवड्याने मोजले तरी चालते. क्षारता मात्र सुरुवातीला रोज, एकाच वेळी मोजावी आणि रोजची घट कळली की तेवढीच भर रोज घालावी.

शुद्ध सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे खाण्याचा सोडा, चालतो. १०० लिटर पाण्याची क्षारता १ डीकेएचने वाढवायला साधारण ३ ग्रॅम लागतात. तो आरओ-डीआय पाण्यात पूर्ण विरघळवून, प्रवाह जोरात असेल तेथे हळूहळू सोडावा. मात्र डब्यावरचे नाव नीट वाचावे. बेकिंग पावडर, पापडखार किंवा फ्रूट सॉल्ट म्हणजे खाण्याचा सोडा नव्हे, आणि आपल्या स्वयंपाकघरांत हे सगळे एकाच फळीवर असते. कॅल्शियमसाठी कॅल्शियम क्लोराइडचे वेगळे द्रावण करावे. दोन्ही द्रावणे एकत्र केल्यास पांढरा गाळ बसतो आणि दोन्ही वाया जातात, म्हणून त्यांच्यात काही मिनिटांचे अंतर ठेवावे.

११. पानाचा चुना वापरता येतो, असे ऐकले. खरे आहे का?

कल्पनेत तथ्य आहे, वस्तू चुकीची आहे. कॅल्शियम हायड्रॉक्साइडची निवळी कॅल्शियम आणि क्षारता दोन्ही योग्य प्रमाणात पुरवते आणि पानाचा चुनाही मुळात तोच पदार्थ आहे. पण डबीतल्या किंवा पुडीतल्या चुन्याची शुद्धता ठरलेली नसते आणि त्यात इतर काही मिसळलेले असू शकते. शुद्धता लिहिलेली, खाद्य किंवा प्रयोगशाळा दर्जाची कोरडी पूड घ्यावी. एक लिटर आरओ-डीआय पाण्यात जेमतेम दीड ग्रॅम पूड विरघळते. वरचे पाणी नितळ होईपर्यंत थांबून फक्त निवळी वापरावी. पृष्ठभागावर येणारी पापुद्र्यासारखी साय आणि तळाचा गाळ टाकीत जाऊ देऊ नये. निवळीचा पीएच १२ च्या वर असतो, त्यामुळे ती थेंबाथेंबाने, शक्यतो रात्री, वाफेने गेलेल्या पाण्याच्या भरपाईतच द्यावी. हाताळताना हातमोजे व चष्मा वापरावा आणि बाटली लहान मुलांपासून दूर ठेवावी.

१२. मे महिन्यात टाकी ३१ अंशांवर जाते. कच्छच्या आखातातले प्रवाळ याहून अधिक सोसतात ना?

तेथील प्रवाळ सोसतात हे खरे. परंतु ते पिढ्यानपिढ्या त्या पाण्यात टिकून राहिलेले, मुख्यतः पोराइट्स व फेवियासारखे गोळीव, संथ वाढीचे प्रवाळ आहेत. आयात होऊन आलेल्या, फांद्या असलेल्या अ‍ॅक्रोपोराला तो हिशेब लागू होत नाही. नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानाहून एक-दोन अंश अधिक उष्णता काही आठवडे टिकली, तरी प्रवाळ पेशींतले शैवाल बाहेर टाकून पांढरे पडू लागतात.

बडोद्याच्या उन्हाळ्यात बाहेर ४० च्या पुढे पारा असताना दोनच उपाय खरे कामाचे आहेत: चिलर (पाणी थंड करणारे यंत्र), किंवा दिवसभर एसी असलेली खोली. पाण्याच्या पृष्ठभागावर वारा घालणारा पंखा कोरड्या एप्रिल-मेमध्ये दोन-तीन अंश उतरवून देतो, पण त्याने बाष्पीभवन वाढते आणि गोड्या पाण्याची आपोआप भरपाई करणारी सोय नसेल, तर एका दिवसात क्षारांश चढतो. जुलै उजाडला की हवेतील दमटपणामुळे तोच पंखा निरुपयोगी ठरतो, आणि पावसाळ्यात टाकी का तापते याचे कोडे अनेकांना पडते ते यामुळेच. दिवे पहाटे आणि रात्री लावून दुपारी बंद ठेवणे हा बिनखर्चाचा उपाय करून पाहावा. चिलर त्याच खोलीत गरम हवा सोडतो, म्हणून तो शक्यतो गॅलरीकडे ठेवावा.

१३. वीज गेली तर किती वेळ हातात असतो?

प्राणवायू आधी संपतो, तापमान नंतर बिघडते. दाट मासे असलेल्या टाकीत प्रवाह थांबल्यावर दोन-तीन तासांतच मासे पृष्ठभागाशी येऊ लागतात. म्हणून इन्व्हर्टरवर सर्वांत आधी एक डीसी प्रवाहपंप घ्यावा. तो फार थोडी वीज खातो. त्याखेरीज बॅटरीवर चालणारा हवापंप घरात असावा. दिवे एक दिवस बंद राहिले तरी प्रवाळांचे बिघडत नाही. वीज नसताना खाणे घालू नये. उष्णता वाढत असेल, तर गोठवलेल्या पाण्याच्या बंद बाटल्या आळीपाळीने खालच्या टाकीत ठेवाव्यात.

उत्तरायणाचे दोन दिवस वेगळे सांगावे लागतात. मांजा तारांत अडकून वीज जाण्याचे प्रकार तेव्हा होतात आणि घरातील सगळी मंडळी दिवसभर गच्चीवर असतात. वीज गेल्याची सूचना मोबाइलवर देणारे साधे उपकरण त्या दोन दिवसांसाठी तरी बसवावे.

१४. प्रवाळ तपकिरी होत चालला आहे, दुसरा पांढरा. दोन्हींना प्रकाश कमी पडतो का?

दोन्हींची कारणे बहुधा उलट असतात. तपकिरी रंग म्हणजे पेशींत शैवाल वाढले आहे: प्रकाश कमी किंवा पोषकद्रव्ये जास्त. पांढरा रंग म्हणजे शैवाल कमी झाले आहे: प्रकाश एकदम वाढला, उष्णता वाढली किंवा पोषकद्रव्ये संपली. पांढऱ्या पृष्ठभागावर पारदर्शक मांसल थर आणि पॉलिप दिसत असतील, तर प्रवाळ जिवंत आहे; दिवे सौम्य करावेत, तापमान स्थिर ठेवावे आणि एलपीएस असल्यास खायला द्यावे. सांगाडा उघडा पडला असेल, तर प्रश्न १७ पाहावा. पार मीटरवर (शैवालाला उपयोगी प्रकाश मोजणाऱ्या यंत्रावर) एलपीएसना ५० ते १५०, एसपीएसना २०० ते ३५० पुरते. नवा एलईडी लावताना पहिल्या आठवड्यांत तीव्रता कमी ठेवून ती हळूहळू वाढवावी.

१५. आमचे नायट्रेट व फॉस्फेट दोन्ही शून्य आहेत, तरीही एसपीएस फिकट पडत आहेत. असे का?

‘तरीही’ नव्हे, शून्य आहेत म्हणूनच. प्रवाळांच्या शैवालाला नायट्रोजन व फॉस्फरस लागतात, आणि मोठा स्किमर (हवेच्या फेसाने पाण्यातील घाण काढणारे यंत्र), फॉस्फेट शोषक आणि कमी मासे यांच्या जोडीने नवखा माणूस टाकी उपाशी ठेवतो. शोषक काढावा, माशांचे खाणे थोडे वाढवावे. क्षारता ९ च्या वर असेल, तर अशा टाकीत ती ७.५ ते ८ वर आणणे सुरक्षित, कारण कमी पोषण आणि जास्त क्षारता एकत्र आली की फांद्यांची टोके जळतात.

१६. युफिलियाशेजारचा प्रवाळ एका बाजूने मरतो आहे. रोग असेल का?

बहुधा शेजारीच कारण आहे. कठीण प्रवाळ जागेसाठी एकमेकांशी लढतात. रात्री लांब होणाऱ्या स्पर्शिका दिवसा दिसत नाहीत. युफिलियापासून १५ सेंटिमीटर, तर गॅलॅक्सियापासून त्याहून बरेच अंतर ठेवावे. दिवे मालवून तासाभराने लाल प्रकाशात टाकी पाहिली की दोषी कोण ते लगेच समजते.

१७. अ‍ॅक्रोपोराचे मांस सकाळपासून सुटते आहे. काय करू?

ऊती काही तासांत सुटत असतील, तर संपूर्ण प्रवाळ वाचणे कठीण असते. सुटणाऱ्या सीमेपासून बऱ्यापैकी वर, निरोगी भागात कापून ती टोके वेगळ्या पायावर लावावीत, उरलेला भाग टाकीतून काढावा आणि ताजा सक्रिय कोळसा घालावा. मग लगेच क्षारता, क्षारांश आणि तापमान मोजावे. कारण बहुतेक वेळा यांपैकी एकात सापडते. घाबरून एकाच दिवशी अर्धे पाणी बदलणे, दिवे बदलणे आणि औषध घालणे टाळावे. खालून अगदी हळू, आठवड्यांनी सुटत असेल, तर प्रवाळभक्षी चपटे कृमी आणि त्यांची अंडी भिंगाने शोधावीत.

१८. खडकावर नको असलेले झोअँथस वाढले आहेत. खडक उकळून घेऊ का?

कदापि नाही. काही झोअँथस आणि विशेषतः पॅलिथोआमध्ये पॅलिटॉक्सिन हे अत्यंत तीव्र विष असते. उकळताना किंवा गरम पाण्याने घासताना ते वाफेतून व तुषारांतून श्वासावाटे शरीरात जाऊन घरातील सर्वांना गंभीर बाधा होऊ शकते. असा खडक हातमोजे व डोळ्यांवर चष्मा घालून, हातावर जखम नसताना, पाण्याखालीच हाताळावा. ताप, श्वासाचा त्रास किंवा छातीत दुखणे सुरू झाल्यास रुग्णालयात जाऊन या विषाचे नाव आवर्जून सांगावे.

१९. देवघर टाकीशेजारी आहे. उदबत्ती, डासांचे द्रव, तांब्याची भांडी यांनी काही होते का?

उदबत्तीचा धूर थोडा असेल आणि खोली हवेशीर असेल, तर काळजीचे फारसे कारण नाही. डासांच्या द्रवातील व फवाऱ्यातील पायरेथ्रॉइड मात्र कोळंबी, खेकडे आणि माशांना घातक असतात, आणि स्किमर व हवापंप खोलीतील हवा सतत पाण्यात मिसळत असल्यामुळे ती द्रव्ये टाकीत पोहोचतात. त्या खोलीत जाळी किंवा मच्छरदाणी वापरावी. तांबे व पितळ पाण्याजवळही आणू नये. माशांच्या रोगावरील तांबेयुक्त औषध प्रवाळांच्या टाकीत कधीही घालू नये. आजारी मासा वेगळ्या टाकीत न्यावा.

२०. आमची बदली झाली आहे. टाकीतील प्रवाळ कोणाला देता येतील का?

मऊ प्रवाळ आणि मासे जाणत्या व्यक्तीला देता येतील. कठीण प्रवाळांचे तसे नाही. प्रश्न ३ मधील नियम देणाऱ्यालाही लागू आहेत, म्हणून हस्तांतरण किंवा दुसऱ्या राज्यात स्थलांतर करण्यापूर्वी कागदपत्रांसह वन विभागाकडे लेखी अर्ज करावा आणि उत्तर येईपर्यंत टाकी चालू ठेवण्याची सोय करावी. नदीत, तलावात किंवा समुद्रात काहीही सोडू नये. परवानगी मिळाल्यावर प्रवाळ पहाटे, प्रत्येक तुकडा स्वतंत्र पिशवीत टाकीच्याच पाण्यात घालून, थर्माकोलच्या पेटीतून न्यावेत. नव्या टाकीचे पाणी त्याआधी किमान चार-सहा आठवडे चालू असावे आणि त्यात अमोनिया व नायट्राइट शून्य असावेत.